मिस्त्रीण का उतरली

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. घरी जाईपर्यंत थांबलो तर राग निवेल, म्हणून दुकानातच, काउंटरवर वही ठेवून लिहितो आहे.

'परिघापार'चा सातवा भाग आज लागला. सकाळी नऊचा पहिला खेळ. ताईला म्हटलं, कुणी आलं तर बसवून ठेव, आणि गेलो. चौदा वर्षं या मालिकेवर मी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. तिने आज तोंडाला पानं पुसली.

यानात सहा जण. कप्तान आणि बाकीचे चौघे सोडा, खरी गोष्ट त्या यानदुरुस्ती करणाऱ्या बाईची. तिला पडद्यावर नाव नाही, सगळे 'जरा बघ गं' एवढंच म्हणतात, म्हणून आम्ही या चित्रपटांच्या चाहता मंडळातले लोक तिला मिस्त्रीण म्हणतो. तिसऱ्या भागात ही बाई नऊ तास यानाबाहेर लोंबकळून तडा बुजवते. अशी बाई! आणि सातव्यात काय करते? मध्यंतराच्या जरा आधी यान एका तळावर थांबतं, ही पिशवी उचलते, "हवेच्या गाळण्या महिन्याला बदला," असं म्हणते आणि उतरून जाते. कारण नाही, भांडण नाही, डोळ्यांत टिपूस नाही. पुढचा सव्वा तास तिचा विषयही कुणी काढत नाही.

सहा भाग जिवाला जीव देणारं माणूस असं जातं? लेखकाला पगार कशाचा देतात?

८ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना ताईला सगळं सांगितलं. तिने एकही भाग पाहिलेला नाही, पण ऐकून घेते. वडिलांच्या माघारी बावीस वर्षं दुकान आम्ही दोघं चालवतो. पुढे मी, डोळे तपासायचे आणि नंबर लिहायचा. मागच्या खोलीत ती, काचा घासायच्या आणि बसवायच्या. तिचं लग्न झालं नाही आणि माझं टिकलं नाही, त्यामुळे घरातही दोघंच.

मी कप्तानाच्या चेहऱ्याबद्दल सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मला त्या चष्म्याच्या शाळेत बोलावलंय. काचकाम शिकवायला."

"अरे वा," मी म्हणालो, "पण सांग, एक शब्द तरी बोलायला नको का तिने?"

"कोणी?"

"मिस्त्रिणीने!"

तिने भात चिवडला. मग म्हणाली, "अरे, शाळा बसने सात तासांवर आहे. मला तिथेच राहावं लागेल. आणि त्यांना दुकानमालकाचं पत्र हवंय, मी किती वर्षं काय काम केलं त्याचं. अठ्ठावीस तारखेच्या आत."

देतो म्हणालो. चार ओळींचं पत्र ते, त्यात काय एवढं. आणि ही जाणार कुठे? गेल्या वर्षी गुडघ्यांच्या व्यायामाला जाणार होती, त्याचं काय झालं?

९ फेब्रुवारी, रविवार

मंडळ. दर रविवारी चारला, बेकरीवाल्याच्या माडीवर, मैद्याच्या पोत्यांवर बसून. आज अकरा जण होते. मी अध्यक्ष असल्यामुळे आधी बोललो आणि पाऊण तास बोललो. बेकरीवाला माझ्या बाजूने. तो म्हणाला, "माझा भट्टीवाला असा गेला तर मी त्याला रस्त्यात धरीन."

गणिताच्या बाई मात्र आडव्या आल्या. हायस्कुलात शिकवतात आणि बोलतातही फळ्याकडे बघितल्यासारखं. "कारण दिलं नाही हे खरं नाही," म्हणाल्या. "कारण सहा भाग दाखवलंय. तुम्ही बघितलं नाही."

मी बघितलं नाही! चुकांची वही कोण ठेवतं? सातही भागांतल्या चारशे बारा चुका मिनिट-सेकंदासह कोणी लिहून काढल्या? कप्तानाचा कोणता हात कोणत्या भागात मोडला हे झोपेतून उठवून विचारा. नाकाने कांदे सोलायला यांना काय जातंय.

ठरलं: निर्मात्यांना निषेधपत्र. लिहिणार मी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

निषेधपत्राची सहा पानं झाली. अजून चौथ्या भागापर्यंतच आलो आहे. एकेक पुरावा मांडायचा म्हणजे वेळ लागतो.

ताईने पत्राची आठवण केली. म्हटलं, हातातलं संपू दे. "ते माझ्याआधी का?" तिने विचारलं. आता हिला कसं समजावणार? तिथे एका माणसावर अन्याय झालाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

आमच्या मंडळाचा एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. ज्याला पात्राच्या निर्णयावर आक्षेप घ्यायचा असेल, त्याने आधी त्या पात्राची बाजू पाच मिनिटं त्याच्याच तोंडून मांडायची. 'मी' म्हणून. नुसतं उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना चाप बसावा म्हणून केला होता. दुसरा नियम: चित्रपटात नाही ते बोलायचं नाही.

आज बाईंनी तो पहिला नियम माझ्यावरच उगारला. पुढच्या रविवारी मी मिस्त्रीण व्हायचं, मग निषेधपत्रावर बाकीच्यांच्या सह्या. ठीक आहे. तिला मी ओळखतो तेवढं तिला लिहिणाराही ओळखत नसेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तयारी म्हणून नियंत्रणकक्षातले सगळे प्रसंग पाहिले, सहा भागांतले घरी थांबवून थांबवून आणि सातव्यातले पुन्हा थिएटरात जाऊन. एकूण त्र्याऐंशी. आणि एक जबरदस्त गोष्ट हाती लागली, जी चौदा वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. यानात माणसं सहा आणि खुर्च्या पाच! मिस्त्रीण प्रत्येक प्रसंगात उभी आहे. धक्के बसतात तेव्हा बाकीचे पट्टे लावतात आणि ही दाराची चौकट धरते.

चुकांच्या वहीत नोंद केली: 'चूक क्र. ४१३. नेपथ्यकार सहावी खुर्ची ठेवायला विसरला. सातही भागांत.' काय हा गलथानपणा!

ताईने मागच्या खोलीतल्या पंख्याचं परत काढलं. गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे, मान्य. पुढच्या महिन्यात बघू म्हणालो. तर म्हणते, "पुढच्या महिन्यात मला नाही लागणार." हल्ली काहीतरी तिरकस बोलत असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निषेधपत्र अकरा पानांवर संपलं. मनासारखं झालं. पोस्टात जायच्या आधी ताईचंही काम उरकून टाकलं: 'प्रमाणित करण्यात येते की सदर महिला आमच्या दुकानात गेली बावीस वर्षे मदतनीस म्हणून काम करीत आहेत. वर्तणूक चांगली.' खाली सही, शिक्का.

तिने वाचलं. परत वाचलं. हातातला चष्मा पुसायचं फडकं तिने काउंटरवर आपटलं. बावीस वर्षांत तिला काही आपटताना मी पाहिलेलं नाही.

"मदतनीस? कुणाची मदतनीस मी? तुला मशीन चालू करता येतं का? कोणतं बटण दाबायचं ते तरी माहितीये?"

"अगं, एक शब्द आहे तो. सरकारी भाषेत असंच लिहितात."

"एक शब्द! त्या सिनेमातल्या बाईला एक शब्द कमी पडला म्हणून तू दोन आठवडे घर डोक्यावर घेतलंयस. अकरा पानं खरडलीस तिच्यासाठी, आणि माझ्यासाठी दोन ओळी, त्यातही मदतनीस!"

गिऱ्हाईक आत येत होतं, ते दारातूनच परतलं. ताई कागद माझ्यासमोर ठेवून मागे गेली आणि तिने मशीन चालू केलं. एवढं अंगावर यायला मी काय शिवी दिली होती? वर्तणूक चांगली असंही लिहिलं होतं.

मन थाऱ्यावर नव्हतं. निषेधपत्र पोस्टात टाकलं नाही, सह्या झाल्यावर टाकू.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचा अपमान मी जन्मात विसरणार नाही.

पोत्यावरून उठून उभा राहिलो आणि मिस्त्रीण झालो. कागद न बघता बोललो. जसं बोललो तसं लिहून ठेवतो, कारण बोलताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

"मी मागच्या खोलीत असते. पुढे कोण आलं ते मला आवाजावरून कळतं. पुढे लोक कामाची तारीफ करतात आणि कप्तान म्हणतो, 'आमच्याकडचं काम असंच असतं.' ते 'आमच्याकडचं' ऐकून पहिली काही वर्षं बरं वाटतं. मशीन तापलं की कोपरापर्यंत पांढरी पूड बसते. धुतली तरी खाज जात नाही. जेवायला बसले की हाक येते, आणि मी उठते. उठते म्हणून परत हाक येते. मी जाणार आहे असं मी सांगितलं. सांगितलं तेव्हा कप्तान दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलत होता."

बेकरीवाल्याने डोळे टिपले, देवाशपथ. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

"पांढरी पूड कोणत्या भागात आहे?"

"असेल कुठेतरी."

"यान धातूचं आहे. पांढरी पूड कशाची? आणि तिने आधी सांगितल्याचा प्रसंग कुठला? कप्तान दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय, ते किती मिनिटावर?"

दुसऱ्या नियमाप्रमाणे मत घेतलं. नऊ विरुद्ध एक, मी बाद. एक मत बेकरीवाल्याचं, तेही नंतर म्हणाला की दया आली म्हणून दिलं. माझ्याच नियमाने मला, अध्यक्षाला, बाद केलं! आक्षेप घ्यायचा अधिकार गेला म्हणजे निषेधपत्रही गेलं.

जिना उतरताना बाई मागून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या ताईंना एकदा घेऊन या की मंडळात." मी म्हटलं, तिला यातलं काय कळतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साधी बेरीज चुकलो आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस दुकानातून लवकर निघून सातही भाग पुन्हा पाहिले. चौदा तास. पांढरी पूड नाही. पण मी ती पाहिली आहे, पैजेवर सांगतो. मनाने रचायला मी काय लेखक आहे?

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी पाणी प्यायला मागे गेलो. ताई मोरीपाशी हात धूत होती. कोपरापर्यंत पांढरी. काच घासली की हीच पूड उडते. डाव्या हातावर खाजवून खाजवून चट्टे पडले आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं, मी भांडं भरून घेतलं आणि पुढे आलो. पाणी प्यायलोच नाही.

मला लाज वाटली. इथे लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचतंय. चांगलीच लाज वाटली.

पण मग असंही वाटतं की तिने तोंडाने का नाही सांगितलं? मूग गिळून बसायचं आणि मग फडकी आपटायची, हा काय न्याय झाला?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्यासाठी नवीन पत्र लिहिलं. सकाळपासून बसलो होतो. 'प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ, वेळेची पक्की, वडीलधाऱ्यांचा मान राखणारी.' पूर्ण पान. मदतनीस काढून 'सहकारी' घातलं. उद्या देतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

"अर्ज सोमवारीच दिला," ताई म्हणाली.

"पत्राशिवाय?"

"काचवाल्याने लिहून दिलं."

काचवाला म्हणजे आम्हाला काचा पुरवणारा. महिन्यातून दोनदा येतो, पेटी टाकतो आणि जातो. त्याचा काय संबंध? घरचा माणूस जिवंत असताना परक्यापुढे हात पसरायचा! मी हे सगळं बोललो. अगदी मोठ्याने बोललो.

ताई शांत होती, त्याचा जास्त राग आला. "तो पेटी घेऊन मागे येतो," ती म्हणाली. "पेटी उघडेपर्यंत उभा राहतो. मी काय करते ते त्याने बघितलंय."

मी माझं पान पुढे केलं. तिने वाचलं आणि तिला हसू आलं. "अरे, हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहितात. त्यांना कामाचं स्वरूप हवंय. मी काय करते ते यात कुठे आहे?"

कामाचं स्वरूप! काचा घासते, आणखी काय स्वरूप असतं? मी पान फाडलं. ती म्हणाली, "त्यांनी मला तात्पुरतं घेतलंय. मालकाचं पत्र मार्चअखेर मिळालं तर कायम करतील. द्यायचं तर दे. मी आता परत मागणार नाही."

ठीक आहे. मीही विचारणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते हिच्याकडे बघूनच.

९ मार्च, रविवार

ताई गेली. बसस्टँडवर सोडायला गेलो. मला वाटलं होतं, न बोलता जाईल. उलट सबंध वाटभर बोलत होती: गॅसचा नंबर, शर्टाची बटणं कुठे आहेत, काचवाल्याच्या कारखान्यातून काचा घासून येतील त्याची व्यवस्था, कागदावर मी लिहीन तसं ते करून पाठवतील. सगळं बोलली, पत्राचं सोडून. मीही सगळं ऐकलं आणि पत्राचं सोडून 'हो' म्हणालो. बस सुटल्यावर घरी आलो.

चार वाजता मंडळात गेलो नाही. त्यांच्या तोंडी लागायची ताकद नव्हती.

१२ मार्च, बुधवार

पोळ्या करपतात. पंखा दुरुस्त करून घेतला. मागच्या खोलीत आता कुणी नाही, पण घेतला. मिस्त्री वीस मिनिटांत काम करून गेला.

तिथे तासभर बसून होतो. वारा चांगला येतो.

१५ मार्च, शनिवार

सकाळी शाळेच्या बसचा ड्रायव्हर तणतणत आला. सोमवारी त्याचे डोळे मी तपासले होते, काल चष्मा नेला. "जिना वाकडा दिसतो," म्हणाला. "रस्ता एका बाजूला उतरल्यासारखा वाटतो. मी चाळीस मुलं नेतो, साहेब. हा घालून गाडी चालवली असती तर?"

मी त्याच्यावरच चढलो. म्हटलं, बावीस वर्षांत या दुकानातून एकही चष्मा परत आलेला नाही, सवय व्हायला दोन दिवस लागतात, तुम्हाला धीर नाही. तो म्हणाला, "तुमच्या ताई कुठे आहेत? त्यांना बोलवा." म्हटलं, नंबर मी काढतो, ताई नाही. तो काउंटरवर चष्मा ठेवून बाकावर बसला आणि हलेना.

चडफडत कारखान्याला फोन लावला. ते म्हणाले, कागदावर आहे तसंच केलंय. मग ताईला लावला. तिचा वर्ग संपला होता.

मी तक्रार सांगायला सुरुवात केली, तर तिने मध्येच विचारलं, "उजव्या डोळ्याचे अंश डाव्याला लिहिलेस का?"

काही डोळ्यांना काच ठरावीक अंशांत फिरवून बसवावी लागते. दोन्ही डोळ्यांचे अंश वेगळे. मी कागद काढला. मग ड्रायव्हरला आत बसवून परत तपासलं. अदलाबदल झाली होती. माझ्याच हाताने.

"तुला कसं कळलं?" फोन चालूच होता.

"घाईत असलास की करतोस. पहिल्या वर्षापासून."

"मग इतकी वर्षं…"

"मी नाकाचं माप घ्यायचं म्हणून त्यांना मागे बोलवायची ना, तेव्हा परत तपासून घ्यायची. वडिलांकडून शिकले होते."

"किती वेळा?"

"मोजलं नाही रे. महिन्यात तीन-चार."

"मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या वर्षी एकदा सांगितलं होतं. तू दोन दिवस जेवला नाहीस. वडील नुकतेच गेले होते. मग म्हटलं, जाऊ दे, काम नीट झाल्याशी मतलब."

मला ते आठवत नाही. दोन दिवस न जेवलेलं आठवतं, कशावरून ते नाही. म्हणजे मी अन्नावर राग काढला आणि कारण विसरून गेलो, आणि तिने बावीस वर्षं लक्षात ठेवलं! संताप संताप झाला. आज पहिल्यांदा समोर कुणी नव्हतं ज्याच्यावर तो काढता येईल.

ड्रायव्हरची माफी मागितली. त्याने खांद्यावर हात ठेवला, तेही सहन होईना. मग दुकानाच्या नावाचा कोरा कागद घेतला आणि काउंटरवर बसून लिहिलं. एकदाच लिहिलं, खाडाखोड नाही. वहीत उतरवून ठेवतो:

'मा. मुख्याध्यापक यांस,

आपण कामाचं स्वरूप विचारलं आहे. माझी बहीण या दुकानात बावीस वर्षं काचा घासून बसवत होती. त्याशिवाय मी तपासलेले डोळे ती पुन्हा तपासत होती आणि मी लिहिलेले चुकीचे नंबर दुरुस्त करत होती, महिन्यात तीन-चार. याचा तिला मोबदला नव्हता आणि मला पत्ता नव्हता. त्या काळात या दुकानातून एकही चष्मा परत आला नाही. ती गेल्यावर सहाव्या दिवशी पहिला आला.'

सही केली, शिक्का मारला. दुपारच्या टपालाने पाठवून दिलं.